वाढत्या ग्रंथालयासाठी नवी जागा कशी निवडावी: मोजणीपासून स्थलांतरापर्यंतचा क्रम

सार्वजनिक ग्रंथालयाच्या नव्या जागेचा विषय कार्यकारी मंडळात बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होतो. कोणीतरी भूखंड देऊ करतो, किंवा एखादा मजला स्वस्तात मिळत असल्याची बातमी येते, आणि त्यानंतर ती जागा ग्रंथालयाला कशी योग्य आहे याची कारणे शोधली जातात. किती पुस्तकांसाठी, किती वाचकांसाठी आणि किती वर्षांसाठी जागा हवी, हा हिशेब व्यवहार ठरल्यानंतर होतो किंवा होतच नाही. परिणामी पाच-सात वर्षांत रॅक पुन्हा जिन्याखाली लागतात, किंवा इमारत प्रशस्त असूनही वाचक तिथवर पोहोचत नाहीत.

हा लेख महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यता मिळालेल्या आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांसाठी आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत. पहिले चार टप्पे संपेपर्यंत एकही जागा पाहायला जाऊ नये, कारण पाहिलेली जागा मनात बसली की पुढची मोजणी नकळत तिच्याच बाजूने झुकते.

टप्पा १ : जागा खरोखर कमी पडते आहे का, ते आधी ठरवा

नव्या जागेचा ठराव मांडण्यापूर्वी सध्याच्या संग्रहाची पूर्ण पडताळणी करावी. दाखल नोंदवही हातात घेऊन प्रत्येक कपाट तपासले की तीन गोष्टी हमखास आढळतात: अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, एकाच कादंबरीच्या गरजेपेक्षा जास्त प्रती, आणि कोणी तरी दिलेली पण कधीच दाखल न केलेली पुस्तकांची पोती. यांचा निकाल लागल्यावर किती रॅक मोकळे होतात ते पाहावे आणि मगच पुढे जावे.

निर्लेखन, म्हणजे पुस्तके संग्रहातून बाद करणे, मात्र घाईने करू नये. ग्रंथपाल, मंडळाचा एक सदस्य आणि विषयाचा जाणकार अशी लहान समिती नेमावी, बाद करायच्या पुस्तकांची यादी मंडळाच्या ठरावाने मंजूर करावी आणि प्रत्येक नोंदीसमोर ठराव क्रमांक व तारीख लिहावी. शासकीय अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांबाबत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून कार्यपद्धती लेखी समजून घ्यावी.

सावधान : जुनी स्थानिक वृत्तपत्रे, गावातील संस्थांचे अहवाल, जुने दिवाळी अंक आणि जिल्ह्यातील लेखकांची पुस्तके ‘कोणी वाचत नाही’ म्हणून बाद करू नयेत. ती अन्यत्र मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते. जागेच्या हिशेबात त्यांचा विभाग वेगळा धरावा.

टप्पा २ : पुढील वीस वर्षांची वाढ आकड्यांत मांडा

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून तो सावकाश करावा. हिशेबाचे तीन भाग आहेत: पुस्तके, वाचक आणि कामकाज.

पुस्तकांसाठी मागील दहा वर्षांच्या दाखल नोंदी काढाव्यात. प्रत्येक वर्षी खरेदी, देणगी आणि अनुदानातून आलेली पुस्तके यांची बेरीज करून तीतून बाद केलेली व गहाळ पुस्तके वजा करावीत. उरते ती निव्वळ वाढ. एखाद्या वर्षी मोठी देणगी आली असेल तर ते वर्ष सरासरीत न धरता वेगळे लिहावे. त्यानंतर आपल्याच ग्रंथालयातील वेगवेगळ्या विभागांतील दहा खण निवडून प्रत्येक खणात किती पुस्तके बसतात ते मोजावे. बालविभागाची पातळ पुस्तके आणि संदर्भ विभागाचे जाड खंड यांत मोठा फरक असल्यामुळे दुसऱ्या कोणाचा सरासरी आकडा उसना घेणे धोक्याचे ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, आज ३२,००० पुस्तके आहेत आणि निव्वळ वाढ वर्षाला ९०० आहे. वीस वर्षांनी ५०,००० पुस्तके होतील. तीन फुटांच्या एका खणात सरासरी ३० पुस्तके बसत असतील, तर दोन्ही बाजूंना सहा-सहा खण असलेल्या दुहेरी रॅकमध्ये ३६० बसतील. परंतु खण गच्च भरले की पुस्तक जागेवर परत ठेवता येत नाही, ओढून काढताना बांधणी फाटते आणि नवे पुस्तक वर्गवारीत बसवण्यासाठी पुढचे सगळे खण सरकवावे लागतात. म्हणून तीन चतुर्थांश भरणाच धरावा, म्हणजे रॅकमागे २७० पुस्तके. त्या हिशेबाने सुमारे १८५ दुहेरी रॅक लागतील. दोन फूट खोलीचा रॅक आणि शेजारची तीन फुटांची वाट मिळून एका रॅकला सुमारे १५ चौरस फूट जागा लागते, आणि मुख्य वाटांसाठी त्यावर आणखी एक चतुर्थांश धरली तर केवळ ग्रंथसंग्रहासाठीच साडेतीन हजार चौरस फुटांच्या आसपास जागा हवी. बहुतेक मंडळे हा आकडा पाहून प्रथम चकित होतात, कारण त्यांनी फक्त रॅकची लांबी-रुंदी मोजलेली असते, वाटा मोजलेल्या नसतात.

वाचकांची मोजणी सलग दोन आठवडे, दर तासाला, विभागवार करावी. वृत्तपत्र वाचणारे, पुस्तक बदलायला येणारे, मुले, महिला आणि अभ्यासिकेत बसणारे विद्यार्थी यांचे रकाने वेगळे ठेवावेत. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस आणि गणेशोत्सव टाळून सर्वसाधारण काळ निवडावा आणि अभ्यासिकेसाठी मोठ्या परीक्षेच्या आधीचा एक आठवडा स्वतंत्रपणे मोजावा. जागा नसल्यामुळे परत गेलेल्यांचीही नोंद ठेवावी. हा रकाना कोणी ठेवत नाही आणि नेमकी खरी गरज त्यातच दिसते. टेबल-खुर्ची व हालचाल धरून एका वाचकाला सुमारे २५ चौरस फूट धरल्यास अंदाज वास्तवाच्या जवळ राहतो.

कामकाजाच्या भागात देवघेव विभाग, ग्रंथपालाची खोली, बांधणी व दाखल करण्याची जागा, व्याख्यानांचे सभागृह, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि सायकली व दुचाकी उभ्या करण्याची जागा येते. नवीन आलेली पुस्तके उघडून दाखल करण्यासाठी स्वतंत्र खोली नसेल तर ती पोती वाचनकक्षातच येऊन पडतात.

तपासा : अभ्यासिकेची मागणी आणि ग्रंथालयाची मागणी एकाच आकड्यात मिसळलेली नाही ना? अभ्यासिकेतील विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात, जास्त तास बसतात आणि त्यांना शांतता, वीज व रात्री उशिरापर्यंतचा वेळ हवा असतो. त्यांच्यासाठी जागा जरूर असावी, परंतु तिच्यामुळे मुलांचा आणि ज्येष्ठांचा विभाग आक्रसता कामा नये.

टप्पा ३ : गरजांचे टिपण लिहून ठरावाने मंजूर करा

टप्पा २ मधील आकडे एका कागदावर आणावेत. आज लागणारे क्षेत्रफळ, वीस वर्षांनी लागणारे क्षेत्रफळ, अनिवार्य अटी, इष्ट अटी, टप्पा ९ साठीचे गुणांचे भारांक आणि कमाल खर्च, एवढे पुरे. टिपण मंडळाच्या सभेत मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावे. पुढे एखादा प्रतिष्ठित देणगीदार गैरसोयीची जागा देऊ करतो तेव्हा नकार देणे व्यक्तिगत पातळीवर फार कठीण जाते. मंजूर टिपण समोर असले तर कार्यवाह त्याचा आधार घेऊ शकतात.

टप्पा ४ : वाचकांचा नकाशा काढा

गावाचा किंवा प्रभागाचा मोठा नकाशा भिंतीवर लावावा. गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष पुस्तक नेलेल्या सभासदांची घरे ढोबळपणे, गल्ली किंवा वस्ती पातळीवर, टिकल्यांनी दाखवावीत. केवळ वर्गणी भरून न येणारे सभासद यात धरू नयेत. मुलांसाठी, ज्येष्ठांसाठी आणि इतरांसाठी वेगळे रंग वापरावेत. मग शाळा, महाविद्यालये, बसथांबे, बाजारपेठ आणि नव्याने वाढणाऱ्या वसाहती दाखवाव्यात.

सध्याच्या जागेवर कोण चालत येतो, कोण सायकलने आणि कोण वाहनाने, हे देवघेव विभागात आठवडाभर विचारून लिहून ठेवावे. मुले आणि ज्येष्ठ हे दोन्ही गट चालत येणारे असतात, आणि जागा दूर गेली की तेच प्रथम तुटतात. त्यांनी तक्रार केल्याचे कोठेही दिसत नाही, पुढच्या वर्षी वर्गणीदारांच्या यादीतून नावे फक्त कमी होतात. महामार्ग, रेल्वेरूळ किंवा मोठा नाला ओलांडावा लागत असेल, तर नकाशावरचे अर्धा किलोमीटरचे अंतर त्यांच्या दृष्टीने बंद रस्ताच असतो. म्हणून अंतर सरळ रेषेत न मोजता प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने मोजावे.

या नकाशावर शोधक्षेत्राची सीमा आखावी. शहर एखाद्या दिशेने वेगाने वाढत असेल तर सीमा त्या दिशेला थोडी सरकवता येते, पण आजचे वाचक सोडून उद्याच्या वसाहतीत जाऊन बसू नये. नव्या वसाहतीसाठी लहान शाखा किंवा आठवड्यातून दोन दिवसांचे देवघेव केंद्र हा जास्त सुरक्षित मार्ग आहे.

टप्पा ५ : जागांची यादी आणि पहिली चाळणी

आता शोध सुरू करावा. शहराच्या मंजूर विकास आराखड्यात ग्रंथालय किंवा वाचनालय यासाठी आरक्षित भूखंड आहे का, हे नगरपरिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात प्रथम पाहावे. यानंतर पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वापरात नसलेल्या इमारती, बंद पडलेल्या शाळा, शासकीय जमीन, खासगी विक्री, देणगी आणि सध्याच्याच जागेचा पुनर्विकास अशा क्रमाने यादी करावी. सध्याची जागा वाढवणे हाही एक पर्याय म्हणून यादीत असलाच पाहिजे.

चाळणीसाठी पाच प्रश्न पुरेसे आहेत, आणि एकाचेही उत्तर प्रतिकूल आले तर ती जागा गुण देण्यापर्यंत नेऊच नये: जागा शोधक्षेत्रात आहे का, पूररेषेबाहेर आहे का, मालकी वादमुक्त आहे का, सार्वजनिक रस्त्यावरून थेट प्रवेश आहे का, आणि वीस वर्षांचे क्षेत्रफळ तेथे, आज नाही तरी वरचा मजला चढवून, मिळू शकते का.

पूररेषेचा प्रश्न स्वतंत्रपणे समजून घ्यावा. जलसंपदा विभाग नदीकाठच्या गावांसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो आणि निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित. पुस्तकांच्या बाबतीत मंडळाने लाल रेषेबाहेरची जागाच मान्य करावी. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरून ग्रंथसंपदेची हानी झाली. भिजून एकमेकांना चिकटलेली पाने सुटत नाहीत, आणि दुर्मीळ ग्रंथाची भरपाई कोणत्याही निधीतून होत नाही.

तपासा : पूररेषेचा नकाशा मिळाला तरी शेजारच्या जुन्या रहिवाशांना २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कोठवर आले होते ते विचारावे आणि भिंतीवरील खूण जोत्याच्या उंचीशी ताडून पाहावी. नदीपासून दूर असलेल्या सखल भागातही तुंबलेल्या गटारांचे पाणी चढते, आणि ते नकाशात दिसत नाही.

टप्पा ६ : प्रत्यक्ष पाहणी

चाळणीतून उरलेल्या प्रत्येक जागेला किमान चार वेगवेगळ्या वेळी भेट द्यावी: शाळा सुटण्याच्या वेळी, रात्री आठच्या सुमारास, आठवडे बाजाराच्या दिवशी आणि जोरदार पावसात. पावसाळा येण्याची वाट पाहणे शक्य नसेल तर निदान भिंतींच्या तळाशी असलेली ओल, क्षार फुललेले गिलावे आणि अंगणातील पाण्याच्या वाटा पाहाव्यात. एकाच भेटीत, रविवारी सकाळी, सर्व सदस्यांनी मिळून केलेल्या पाहणीवर निर्णय घेऊ नये. त्या वेळी प्रत्येक जागा शांत आणि मोकळी दिसते.

पाहणीत पुढील बाबी लिहून घ्याव्यात. पश्चिमेकडील भिंतीवर मोठ्या खिडक्या असतील तर दुपारचे ऊन थेट पुस्तकांवर येते, कागद पिवळा पडतो आणि कण्यावरचा रंग उडतो. शेजारी मंगल कार्यालय, फॅब्रिकेशनचे दुकान किंवा मोठी वर्कशॉप असेल तर वाचनकक्ष चालणार नाही. मद्यविक्रीचे दुकान समोर असेल तर संध्याकाळी मुली आणि महिला येणार नाहीत, आणि याबाबत महिला सभासदांचेच मत निर्णायक मानावे. त्यांच्यापैकी दोघींना तरी रात्रीच्या पाहणीत सोबत घ्यावे. रस्त्यावरचे दिवे, बसथांब्यापासूनची वाट, पदपथ आणि रस्ता ओलांडण्याची जागा हेही पाहावे.

वाळवीची खूण सर्वत्र शोधावी. जुन्या दाराच्या चौकटी, लाकडी तुळया, शेजारचे वाळलेले झाड आणि भिंतीवरच्या मातीच्या नळ्या पाहाव्यात. वाळवी आढळली म्हणून जागा सोडण्याची गरज नाही, परंतु जोत्याखालील व सभोवतालच्या मातीच्या प्रक्रियेचा खर्च अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

चाकाच्या खुर्चीवरील वाचक आत कसा येईल, हे जागेवरच मोजावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम असणे बंधनकारक आहे आणि उताराचे प्रमाण १:१२ असावे लागते. जोते ४५ सेंटीमीटर उंच असेल तर ५.४ मीटर लांबीचा उतार लागेल. पूर टाळण्यासाठी जोते जितके उंच करावे तितका उतार लांब होतो, म्हणून अरुंद दर्शनी भाग असलेल्या भूखंडावर या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. हे आराखडा काढताना नव्हे, भूखंड निवडतानाच कळले पाहिजे.

टप्पा ७ : कागदपत्रांची छाननी

इसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी ही छाननी पूर्ण व्हावी. ग्रामीण जमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि फेरफार, नगर भूमापन झालेल्या भागासाठी मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, विकास आराखड्यातील वापर सांगणारा झोन दाखला, आणि मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलांकडून घ्यावा. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा. बँकेचा बोजा, कूळ, वाटेची वहिवाट, न्यायालयीन मनाई यांच्या नोंदी तिथेच असतात. मोजणी सरकारी भूकरमापकाकडून करून घेऊन हद्दीच्या खुणा मंडळाच्या दोन सदस्यांनी स्वतः पाहाव्यात.

देणगीच्या जमिनीबाबत जास्त काळजी घ्यावी, कारण उपकाराच्या भावनेने छाननी सैल होते. सभेत जाहीर केलेली देणगी किंवा साधे संमतीपत्र म्हणजे मालकी नव्हे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे लागते. जमीन वडिलोपार्जित असेल तर सर्व सहहिस्सेदारांची, विवाहित मुलींसह, सही घ्यावी. देणगीदाराने घातलेल्या अटी, जसे नाव देणे, एखादी खोली राखून ठेवणे किंवा कुटुंबातील व्यक्तीला कायम विश्वस्त करणे, बक्षीसपत्रात नेमक्या काय शब्दांत आहेत ते तपासावे. नावाची अट मान्य करण्यास हरकत नाही. कारभारात कायमचा अधिकार देणारी अट मान्य करू नये.

शेतजमीन देऊ केली असेल तर आणखी एक अडचण उभी राहते. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चे कलम ६३ बिगर-शेतकऱ्याला शेतजमिनीचे हस्तांतरण, बक्षीस धरून, परवानगीशिवाय रोखते, आणि न्यास हा सहसा शेतकरी नसतो. मराठवाडा आणि विदर्भात याविषयीचे कायदे वेगळे आहेत. शिवाय काही गुंठ्यांच्या तुकड्यांच्या व्यवहारांवर तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणारे, नियम लागू होतात. या दोन्ही प्रश्नांवर व्यवहाराच्या दिवशी लागू असलेली स्थिती वकिलांकडून लेखी घ्यावी.

सावधान : गायरान जमीन ग्रामपंचायतीने ठराव करून दिली तरी तिच्यावर बांधकाम करू नये. गावाच्या सामाईक जमिनींवरील अनधिकृत ताबे हटवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिलेले आहेत. शासकीय जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या रीतसर आदेशाने मिळाली, तर आदेशातील वापराचा हेतू, मुदत आणि बांधकाम सुरू करण्याची अट काळजीपूर्वक वाचावी. अशी जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, आणि तळमजल्यावर भाड्याची दुकाने काढण्याचा विचार तेथे बहुधा नियमात बसणार नाही.

भाड्याची किंवा भाडेपट्ट्याची जागा असेल तर मुदत, वाढीचा हक्क आणि दरवर्षीची भाडेवाढ करारात स्पष्ट असावी. बांधकामासाठी केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान किंवा लोकप्रतिनिधींच्या निधीतून साहाय्य घेण्याचा विचार असल्यास, जागेवरील हक्काचा कोणता पुरावा लागतो हे आधीच विचारून घ्यावे. अकरा महिन्यांच्या करारावर कोणीही इमारतीसाठी पैसे देणार नाही.

टप्पा ८ : इमारत पुस्तकांचा भार पेलेल का

तयार इमारत किंवा सदनिका घेताना हा टप्पा कधीही वगळू नये. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, उपयोग-भार (माणसे व सामान यांचा भार) धरला जातो. ग्रंथसंग्रहाच्या कक्षासाठी २.२ मीटर उंचीपर्यंत तो ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो आहे, आणि त्यापुढील प्रत्येक मीटर उंचीला आणखी २ किलोन्यूटन धरावे लागतात. म्हणजे राहण्यासाठी बांधलेल्या मजल्यावर रॅकच्या रांगा उभ्या केल्या तर रचनेला तिप्पट भार दिला जातो. छत लगेच कोसळत नाही. प्रथम तुळयांना भेगा जातात, दारे अडकू लागतात, आणि तोवर संस्थेचे पैसे त्या इमारतीत अडकलेले असतात.

संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा आणि ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या खोलीत किती भार चालेल, हे आकड्यात लिहून मागावे. रुळांवरचे सरकते रॅक बसवण्याचा विचार असेल तर त्यांचा भार आणखी जास्त असतो, म्हणून उत्पादकाकडील आकडा अभियंत्याला आधी द्यावा.

मोकळ्या भूखंडावर बांधणार असाल तर वरच्या मजल्यावर ग्रंथसंग्रह येईल असे सुरुवातीपासूनच गृहीत धरून पाया आणि स्तंभ काढावेत. पावसाळी, सखल गावांत ग्रंथसंग्रह पहिल्या मजल्यावर आणि वृत्तपत्रे, बालविभाग व ज्येष्ठांची बैठक तळमजल्यावर, ही मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. मात्र त्यासाठी लिफ्ट हवी, निदान लिफ्टसाठी मोकळा खड्डा व जागा हवी, आणि ज्यांना वर जाता येत नाही त्यांना पुस्तक खाली आणून देण्याची व्यवस्था हवी.

इसार देण्याआधी वास्तुविशारदाकडून एक कच्चा आराखडा करून घ्यावा. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक नागरी भागांत २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), वाहनतळ व रस्तारुंदी वजा करून चटईक्षेत्र निर्देशांकाची (भूखंडाच्या प्रमाणात चालणाऱ्या बांधकामाची) मर्यादा लावल्यावर हाती किती बांधकाम उरते, हे त्या आराखड्यातच कळते. पुढील रस्ता रुंदीकरणात असेल तर दर्शनी भूखंडाचा मोठा तुकडा जाऊ शकतो.

टप्पा ९ : गुण आणि खर्च

उरलेल्या दोन-तीन जागांना शंभरपैकी गुण द्यावेत. भारांक मात्र टप्पा ३ मध्येच ठरवलेले असावेत, जागा पाहिल्यानंतर ते बदलू नयेत. वाचकांच्या पोहोचीला ३०, वाढीच्या वावाला २५, सुरक्षितता व शांततेला २०, बांधकामाच्या सोयीला १५ आणि खर्चाला १० असे वाटप मी सुचवेन. खर्चाला कमी गुण देण्याचे कारण असे की कमाल खर्चाची मर्यादा टप्पा ३ च्या टिपणातच घातलेली असते. प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे गुण द्यावेत, ग्रंथपालाचेही गुण धरावेत आणि मगच चर्चा करावी.

खर्च काढताना जमिनीची किंमत, मुद्रांक शुल्क, मोजणी, मातीची तपासणी, कुंपण, वीज व पाण्याची जोडणी, बांधकाम, रॅक, स्थलांतर आणि पुढील पाच वर्षांचा देखभाल खर्च एकत्र धरावा. गावाबाहेरील मोफत भूखंडाला रस्ता, कूपनलिका आणि रखवालदार लागतो. गावातील महाग जागेला यांपैकी काहीच लागत नाही. दोन्ही बेरजा शेजारी ठेवल्यावर ‘मोफत’ जागेबद्दलचे मत पुष्कळदा बदलते.

टप्पा १० : ठराव, परवानग्या आणि करार

क्रम असा ठेवावा. प्रथम कार्यकारी मंडळाची शिफारस. मग संस्थेच्या घटनेनुसार सूचना देऊन बोलावलेली सर्वसाधारण सभा, जिच्यात गुणपत्रक, नकाशा आणि खर्चाचा तक्ता सभासदांसमोर ठेवला जाईल. त्यानंतर परवानग्या आणि शेवटी करार.

जुनी स्थावर मालमत्ता विकून पैसा उभारायचा असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असेल तरी ती लागते. या परवानगीला वेळ लागतो, म्हणून विक्रीच्या पैशांवर अवलंबून नव्या जागेच्या हप्त्यांच्या तारखा मान्य करू नयेत. कर्ज काढणार असल्यास त्याच्या परवानगीबाबतही आधी लेखी मत घ्यावे. नवी मालमत्ता संस्थेच्या नावे झाल्यावर त्याच अधिनियमाच्या कलम २२ खालील बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल करावा आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा करावा.

तपासा : खरेदीखत एखाद्या पदाधिकाऱ्याच्या व्यक्तिगत नावे तर होत नाही ना? तात्पुरती सोय म्हणून केलेली अशी नोंद पुढे वारसांच्या दाव्यात अडकते.

टप्पा ११ : जुनी जागा आणि स्थलांतर

अनेक ग्रंथालये जुन्या वाड्यांत भाडेकरू म्हणून आहेत. वाड्याचा पुनर्विकास होत असेल तर नव्या इमारतीत मिळणारे चटईक्षेत्र, मजला, भार पेलण्याची क्षमता आणि काम चालू असतानाची पर्यायी जागा नोंदणीकृत करारात आल्याशिवाय ताबा सोडू नये. तोंडी आश्वासनावर पुस्तके गोदामात गेली की वाचक पांगतात आणि संस्थेच्या हातात दबावाचे कोणतेही साधन उरत नाही. स्थलांतराच्या काळात ग्रंथालय पूर्ण बंद राहिले तर अनुदानासाठी लागणाऱ्या कामकाजावर परिणाम होतो. त्यामुळे वृत्तपत्रे व देवघेव एखाद्या खोलीत तरी चालू ठेवावी आणि पत्ता बदलण्यापूर्वी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी.

नव्या इमारतीचा गिलावा आणि फरशी पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तके नेऊ नयेत, आणि पावसाळ्यात स्थलांतर करूच नये. वाळवीची प्रक्रिया रॅक लावण्याआधी व्हावी. पुस्तके खणांच्या क्रमाने लहान खोक्यांत भरावीत, एका माणसाला सहज उचलता येईल एवढेच वजन ठेवावे, आणि प्रत्येक खोक्यावर जुना रॅक-खण व नवा रॅक-खण असे दोन क्रमांक लिहावेत. नव्या जागेत रॅक लावताना वाढीसाठीची मोकळी जागा प्रत्येक खणाच्या शेवटी विखुरलेली ठेवावी. ती सगळी शेवटच्या रांगेत जमवली तर वर्षभरातच पुन्हा सर्व संग्रह सरकवावा लागतो. जुन्या दारावर नव्या पत्त्याचा आणि चालत येण्याच्या वाटेचा फलक किमान वर्षभर राहील, याची जबाबदारी ठरावात एका सदस्याच्या नावे नोंदवावी.